सैल त्वचेचा इतिहास

केशवसुतांचें जन्मगांव म्हणून मालगुंड आपणांस ठाऊक आहे. आज त्या गांवचा एक निवृत्त शाळामास्तर आपणांशीं बोलणार आहे. परंतु विषय कवितेचा नाहीं. तो आहे माणसाच्या कातड्याचा. या विषयाकडे मी कसा वळलों, हें आधीं सांगितलें पाहिजे. कारण त्यांत माझा एक अपराध आहे.

गेल्या गणेशोत्सवांत माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईहून गांवीं आली होती. शाळेंत असल्यापासून ती अंगानें स्थूल. पुढें वजन ११८ किलोपर्यंत गेलें, मधुमेह जडला, आणि तीन वर्षांपूर्वीं तिनें जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. आतां वजन ६४ किलो; मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. आमच्या ओटीवर ती बसली असतां मीं तिची तोंड भरून स्तुति केली. तेव्हां ती हळूच म्हणाली, “गुरुजी, अजून एक शस्त्रक्रिया करायची आहे. पोटावरचें सैल कातडें काढून घ्यायचें आहे.” मीं हंसून म्हटलें, “आतां हे नखरे कशाला, मुली? बारीक झालीस तेवढें पुरे नाहीं का?” ती कांहीं बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमच्या घरांतून मला सारी हकीकत कळली. त्या मुलीच्या पोटाचें कातडें झोळीसारखें मांड्यांवर लोंबत होतें. साडीखालीं तें पट्ट्यानें आवळून बांधल्यावांचून तिला चालतां येत नसे. कातड्याच्या घडीखालीं, आमच्या कोंकणच्या दमट हवेंत, घाम सांचून चट्टे पडत, ते चिघळत. आणि वास येईल या भीतीनें ती चार बायकांत बसण्यासही संकोचे. आरतीच्या वेळीं ती दाराबाहेर एकटी कां उभी होती, याचा उलगडा मला तेव्हां झाला.

मास्तराच्या जातीला लाज वाटली म्हणजे तो पुस्तकें उघडतो. मींही तेंच केलें.

पहिला प्रश्न असा कीं, मेद गेला तरी त्वचा मागें कां राहते? त्वचेंत दोन प्रकारचे तंतू असतात: कोलॅजेन तिला बळकटी देतें, इलॅस्टिन तिला लवचीक ठेवतें. वर्षानुवर्षें ताणून धरलेला रबरी पट्टा सोडला तरी मूळच्या लांबीवर येत नाहीं, तसेंच या तंतूंचें होतें. व्यायामानें स्नायु घट्ट होतात, त्वचा आटत नाहीं. लेप आणि तेलें यांचा येथें उपयोग नाहीं. तरुणांची त्वचा थोडीफार मागें सरते. परंतु पन्नास किलो उतरलेल्या माणसाच्या अंगावर पूर्वीच्या माणसाचा अंगरखा लोंबतच राहतो.

आपल्या प्राचीनांनीं या लोंबत्या देहाची दखल घेतली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंदित मानल्या गेलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा अध्याय आहे; त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विचार विस्तारानें केला आहे. चालतांना ज्याचें पोट, स्तन व कुल्ले हलतात तो अतिस्थूल, असें तेथें लक्षण दिलें आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें तर एका माजी कॉन्सलच्या मुलाच्या अंगांतील चरबी काढून त्यास हलकें केल्याचें लिहून ठेविलें आहे. तें कसें केलें हें त्यानें सांगितलेलें नाहीं, आणि गुंगीच्या औषधावांचून तें कसें सोसलें असेल याची कल्पनाही नकोशी वाटते.

पण मला छळीत होता तो प्रश्न निराळा. बिघडलेलें रूप पूर्ववत् करणें हा उपचार कीं नखरा? त्याचें उत्तर शोधण्यास रोमपर्यंत जावयास नको. आपलें पुणें पुरेसें आहे.

१७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत एक पत्र छापून आलें. त्यांत कावसजी नांवाच्या एका मराठा शेतकऱ्याची हकीकत होती. टिपूशीं झालेल्या १७९२ च्या युद्धांत तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकीत होता. तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. बारा महिन्यांहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभारानें त्याला नवें नाक बसविलें. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनीं हें काम डोळ्यांनीं पाहिलें, आणि जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें.

ती कृति मुळांतून वाचण्यासारखी आहे. कुंभारानें प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून मापाचा केला. मग तो सपाट करून कपाळावर ठेविला आणि त्याच्या कडेनें रेघ ओढली. त्या रेघेवर कातडें कापून सोडविलें. मात्र दोन भुवयांच्या मध्यें एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली राहूं दिली. कातड्यास रक्त मिळावयाचें तें या पट्टींतूनच. मग तें कातडें फिरवून खालीं आणलें आणि नाकाच्या जागीं खांचेंत बसविलें. वर काथाचा लेप दिला, पुढें तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेविलीं, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवें नाक जागेवर रुजल्यावर, ती पट्टी कापून टाकली. मेण, काथ, तूप! आपल्या घरांतल्याच जिनसा. ज्याच्या हातचें हें काम त्याचें नांव मात्र त्या पत्रांत कोणी लिहिलें नाहीं. क्रूसो कोण, फिंडले कोण, हें आपणांस ठाऊक आहे. कुंभार तो कुंभारच राहिला. मला हें फार लागलें.

तें पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें पुष्कळ वर्षें विचार व तयारी केली, १८१४ सालीं तीच रीत एका लष्करी अधिकाऱ्यावर चालविली, आणि १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक छापलें. तेथून ही विद्या युरोपभर पसरली.

आतां विचार करा. नाकावांचून कावसजी जेवत होता, चालत होता. कंपनीचें पेन्शनही त्याला मिळत होतें. त्याचा हात कोणी परत देऊं शकला नाहीं. नाकावांचून तो मरणार नव्हता. त्याला चारचौघांत तोंड दाखवावयाचें होतें, एवढ्यासाठींच त्यानें कपाळाचें कातडें सोलून घेतलें. आपल्या भाषेंत ‘नाक कापलें’ म्हणजे काय, हें सांगावयास नकोच. त्याला कोणी नखरेबाज म्हटल्याचें मीं कोठें वाचलें नाहीं. मग माझ्या विद्यार्थिनीस मीं तें कोणत्या अधिकारानें म्हटलें?

पोटाची शस्त्रक्रिया त्या मानानें अलीकडची. अमेरिकेंत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञानें एका लठ्ठ बाईच्या पोटाचा लोंबता भाग आडवा छेद घेऊन काढला आणि १८९९ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. काढलेला तुकडा सुमारें साडेसात किलोंचा होता. पुढें १९५७ सालीं व्हर्नन या शस्त्रवैद्यानें बेंबीचा प्रश्न सोडविला. त्याची युक्ति अशी कीं, कातडें खालीं ओढून घेतांना बेंबी तिच्या देंठावर तशीच राहूं द्यावयाची, आणि वरून आलेल्या कातड्यास नवें छिद्र पाडून ती त्यांतून बाहेर काढावयाची. देंठ राखला तर रक्त पोहोंचतें. पुण्याच्या कुंभारानें भुवयांमधली पट्टी राखली, त्याच्या मागें हेंच तत्त्व नव्हतें काय?

केलीची रोगी लठ्ठ होती, आणि शस्त्रक्रियेनंतरही लठ्ठच. भरपूर वजन उतरवून बसलेलीं माणसें त्या काळीं विरळा. तीं मोठ्या संख्येनें दिसूं लागलीं, ती १९६० नंतर; एडवर्ड मेसन यानें आयोवा येथें जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया सुरू केल्यापासून. २०१७ सालीं इजिप्तच्या एमान अहमद यांस मुंबईच्या सैफी रुग्णालयांत आणलें, तेव्हां आमचीं वर्तमानपत्रें रोज किलोंचे आंकडे छापीत होतीं. मेद उतरल्यावर मागें काय उरतें, हा प्रश्न त्या गर्दींत कोणाच्या डोक्यांत आला नाहीं. माझ्याही आला नव्हता.

नखरा मुळीं नसतोच, असें मी म्हणत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्यें द्युजारिए नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका नर्तकीच्या पायांतली चरबी खरवडून काढली. पाय सडला आणि कापावा लागला. पण तिचे पाय मुळांत निरोगी होते. उलट ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांचें पहा. १९६१ सालीं नितेरॉय येथें सर्कशीचा तंबू पेटून शेंकडों माणसें भाजलीं, त्यांची त्वचा या गृहस्थांनीं सांधली. आणि त्यांनींच १९६७ सालीं पोटाच्या तीनशें शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रिओच्या धर्मादाय रुग्णालयांत त्यांचा गरिबांसाठीं विभाग होता, आणि तेथें भाजलेल्यांस एक दार व बेढबांस दुसरें, असा भेद नव्हता.

आमच्याकडे तो भेद कागदावर आहे. विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं ठरवून दिलेल्या कलमांप्रमाणें, ठराविक वजनाच्या व आजाराच्या अटी पुऱ्या झाल्या तर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळूं शकतो. रूप बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र वगळलेली. अपवाद अपघात, भाजणें, कर्करोग, किंवा प्रकृतीस प्रत्यक्ष व तात्काळ धोका असेल तर त्याचा. चिघळलेली घडी ‘तात्काळ धोका’ ठरते कीं नाहीं, यावर माझ्या विद्यार्थिनीचा विमा कंपनीशीं सहा महिने पत्रव्यवहार चालला आहे. पहिल्या उत्तरांत कंपनीनें जो शब्द वापरला तो इंग्रजी होता, पण अर्थानें माझ्याच शब्दाचा भाऊ.

मीं तिला क्षमा मागणारें पत्र लिहिलें. तिचें उत्तर लांबलचक आलें, आणि त्यांत रागाचा शब्द नव्हता. डॉक्टरांनीं तिला सारें स्पष्ट सांगितलें आहे: एका कमरेपासून दुसरीपर्यंत व्रण राहील, तो जन्मभर जाणार नाहीं, जखमेंत पाणी सांचेल म्हणून कांहीं दिवस नळ्या ठेवाव्या लागतील, पायांतल्या शिरेंत रक्ताची गांठ होऊन ती फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो, म्हणून लौकरांत लौकर उठून चालावें लागेल. वजन कित्येक महिने स्थिर पाहिजे, तें तिचें आहे. उणें आहे तें रक्त. जठर लहान झालेल्या माणसास लोह व प्रथिनें पुरेशीं मिळत नाहींत, आणि तीं नसलीं तर एवढी लांब जखम भरून येत नाहीं. म्हणून सध्यां ती गोळ्यांबरोबर थोडेंथोडें करून दिवसांतून सहा वेळां खाते, आणि आमच्या घरून कुळथाचें पीठ मागविते. हिमोग्लोबिन ९ होतें, तें ११ वर आलें आहे. डॉक्टरांस १२ पाहिजे.