एका घंटेचा इतिहास



स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की आपल्या वाड्यांमध्ये आजही आवाज खाली जातो. कुणी नशीब म्हणते, कुणी मागच्या जन्मीचे भोग. मी मराठीचा मास्तर, विज्ञान कधी शिकवले नाही. पण हे कोडे कसे सुटत गेले ते वाचले आणि वाटले, हे घरोघरच्या बायकांपर्यंत पोचायला हवे.

सुरुवात पुण्याच्या लेकीपासून. डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१), माहेरच्या समर्थ. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांचा अभ्यास केला. काही वाणांच्या माद्यांना हा रोग जास्त होतो, काहींना कमी, असे का? रोगाचा आनुवंशिकतेशी संबंध भारतात मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत त्या होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी व सहकाऱ्यांना उंदरांच्या गाठींतून आलेले एक निराळे प्रथिन सापडले. पाढी म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ. पुढे १९८५ मध्ये माणसातले तेच जनुक मिळाले. त्याचे नाव हर-२.

हर-२ हे एक कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून जागे करणारे प्रथिन. शाळेची घंटाच समजा. ती पेशीच्या दारात टांगलेली असते. बाहेरून संदेश आला की वाजते, आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो आणि पेशी विभागते. काही गाठींत या जनुकाच्या दोनाऐवजी कितीतरी प्रती होतात. दारात घंटाच घंटा, आणि शिपाई नसतानाही त्या वाजत राहतात!

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन यांनी १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत जादा प्रती होत्या, आणि त्या बायकांचा रोग लवकर उलटत होता. (आजच्या हिशेबाने हे प्रमाण १५ ते २० टक्के धरतात.) मग ही घंटा धरून ठेवणारे ट्रास्टुझुमॅब आले, अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. २०१४ मध्ये बंगळूरच्या बायोकॉनने ते भारतात तयार करून आणले. एके काळी ज्या प्रकाराची डॉक्टरांना सर्वांत धास्ती, त्यावर आता नेमके औषध आहे.

म्हणून लेकीसुनांना सांगणे एवढेच : गाठ लागली तर लपवू नका, लगेच दाखवा. कर्करोग निघालाच तर हर-२ची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि भोग तर मुळीच नाहीत.