हिमोग्लोबिनमधल्या चुका

जनुकातला बदल प्रथिनापर्यंत कसा पोहोचतो, हे विज्ञानाला प्रथम उमगले ते हिमोग्लोबिनमुळे. रक्त मिळवणे सोपे, लाल पेशीत हे प्रथिन खच्चून भरलेले, आणि त्याच्या बिघाडाचे रुग्ण कित्येक देशांत. अभ्यासाला याहून सोयीचे प्रथिन सापडणे कठीण होते.

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तो विद्यार्थी होता. पेशी वाकड्या का होतात, हे कळायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे व निरोगी माणसांचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात ठेवले, तेव्हा दोन्ही वेगवेगळे सरकले. म्हणजे खोट रेणूतच होती. ती नेमकी कुठे, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधले. ट्रिप्सिनने प्रथिनाचे तुकडे करून त्यांनी ते कागदावर पसरवले. बाकीचे ठिपके जुळले, एक तेवढा जागचा हललेला. १९५७ मध्ये उलगडा झाला: सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी एवढ्या एकाच बदलाने सगळा घोळ केला होता.

भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये विळ्यासारख्या पेशींचा हा विकार, म्हणजे सिकलसेल, १९५२ मध्ये नोंदवला गेला, तर नागपूरची नोंद १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत 'सिकलसेल' हा शब्द आता मराठीच झाला आहे.

१९६६ पर्यंत जनुकीय लिपी वाचून झाली, त्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला एक अमिनो आम्ल. सिकलसेलमध्ये 'जीएजी'चे 'जीटीजी' होते. त्याच शब्दातले पहिले अक्षर बदलून 'एएजी' झाले, तर लायसिन येते आणि पश्चिम आफ्रिकेत आढळणारे, बरेच सौम्य असे हिमोग्लोबिन सी तयार होते. दोन्हीकडे प्रथिन पूर्ण लांबीचे बनते, वागते मात्र निराळे: प्राणवायू सोडल्यावर सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे वळतात आणि पेशी वाकते.

हिमोग्लोबिनच्याच थॅलेसेमिया या आजाराचे कोडे वेगळे होते. तिथे साखळी सहसा सदोष नसते, ती कमी बनते किंवा बनतच नाही. १९७९ मध्ये चँग आणि कॅन यांना एका चिनी रुग्णात बीटा साखळीच्या सतराव्या जागी 'एएजी'ऐवजी 'टीएजी', म्हणजे थांबण्याचा संकेत, सापडला. साखळी तिथेच तुटते, आणि जनुकावरून उतरवलेला असा अर्धवट संदेश पेशी बहुधा आधीच नष्ट करते. याच्या उलट प्रकार जमैकातील कॉन्स्टंट स्प्रिंग या गावाच्या नावाने ओळखला जातो. १९७१ मध्ये वर्णन झालेल्या या हिमोग्लोबिनात थांबण्याचा संकेतच पुसला गेल्याने हिमोग्लोबिनची दुसरी साखळी, अल्फा, १४१ ऐवजी १७२ अमिनो आम्लांपर्यंत वाढते. असा संदेश टिकत नाही, त्यामुळे ही लांबट साखळी अगदी थोडी बनते.

अक्षर बदलण्यापेक्षा गळणे किंवा वाढणे अधिक घातक. 'मगर कमळ गवत बदक' यातला पहिला 'ग' काढून तीन-तीन अक्षरे वाचली, तर 'मरक मळग वतब दक' उरते. भारतीय रुग्णांत आढळणाऱ्या एका बदलात आठव्या-नवव्या शब्दांच्या सांध्यावर एक जादा 'जी' शिरतो आणि पुढचे सारे वाचन सरकते. तीन अक्षरे एकदम गळाली, तर मात्र पुढचे वाचन शाबूत राहते आणि एकच अमिनो आम्ल कमी होते.

१९७७ मध्ये जनुकांत मधेमधे निरर्थक भाग असतात आणि ते संदेशातून कापून टाकले जातात, हे कळले, तेव्हा आणखी एक दार उघडले. भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण अशा पहिल्याच भागातल्या पाचव्या अक्षराचा बदल आहे. प्रथिनाच्या मजकुराला धक्काही लागत नाही, पण कात्री चुकीच्या जागी चालते. 'मूक' म्हणवले जाणारे बदलही नेहमी मूक नसतात: चोविसाव्या जागी 'जीजीटी'चे 'जीजीए' झाले तरी ग्लायसिनच येते, तरीही कापणी बिघडून थॅलेसेमिया होतो. जनुकाच्या आधीच्या, उत्पादन सुरू करणाऱ्या भागात दोष असेल, तर साखळी निर्दोष पण तुटपुंजी बनते. सिंधी समाजात तर बीटा जनुकाच्या शेवटाकडचा ६१९ अक्षरांचा तुकडाच गहाळ झालेला बऱ्याचदा आढळतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियावर एका जनुकीय उपचाराला परवानगी दिली. त्यात मूळ चूक दुरुस्त केली जात नाही. जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन बंद पाडणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाच्या नियंत्रक भागात मुद्दाम मोडतोड केली जाते आणि ते जुने हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते.