अंगाबाहेरची कारणं

लैंगिक संसर्गांचा अभ्यास बहुधा जंतूंपासून सुरू होतो. आधी गोनोरिया, सिफिलिस, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, मग एचआयव्ही आणि एचपीव्ही, आणि शेवटी घाईघाईत उरकलेलं ‘सामाजिक घटक’ नावाचं प्रकरण. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला, मग तो वैद्यकीचा विद्यार्थी असो, नर्स असो किंवा समाजशास्त्राची अभ्यासक, मी उलट्या दाराने आत नेणार आहे. ते दार तुकईथडला आहे असं समजा.

बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातलं हे गाव एके काळी अकोला-खांडवा मीटरगेजवरचं स्टेशन होतं. पलीकडे धारणी आणि मेळघाट, म्हणजे महाराष्ट्र. या पट्ट्यात घरात कोरकू, बाजारात निमाडी आणि मराठी, तर सरकारी कागदावर हिंदी चालते. दुखणं एका भाषेत होतं, सांगावं लागतं दुसऱ्या भाषेत आणि नोंदलं जातं तिसऱ्या भाषेत. हाताला काम हवं असेल तर माणसं हद्द ओलांडतात. अशा ठिकाणी एखाद्या बाईच्या ‘अंगावरून पांढरं जातं’ तेव्हा तिने काय केलं, एवढंच विचारून भागत नाही. तिच्या जोखमीतला मोठा वाटा तिच्या वागण्याबाहेर ठरलेला असतो. या क्षेत्राने गेल्या तीस-चाळीस वर्षांत शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते, आणि त्यातली बरीचशी मराठी मुलखातच शिकली गेली आहे.

शरीराचा वाटा आहेच. योनीमार्गाच्या अस्तराचं क्षेत्र मोठं असतं, वीर्य तिथे बराच काळ राहतं, त्यामुळे एका संबंधात पुरुषाकडून स्त्रीकडे संसर्ग जाण्याची शक्यता उलट दिशेपेक्षा साधारणपणे जास्त असते. किशोरवयात गर्भाशयाच्या मुखावरच्या नाजूक पेशी अजून बाहेरच्या बाजूला असतात, म्हणून लवकर लग्न ही जीवशास्त्राच्याही दृष्टीने जोखीम ठरते. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काही त्रासच जाणवत नाही. पुरुषाला लघवीला जळजळ झाली की तो औषध शोधत निघतो; तिचा आजार मात्र गुपचूप गर्भनलिकेपर्यंत पोचतो. या गोष्टी पाठ्यपुस्तकात सविस्तर मिळतील, म्हणून पुढे जातो.

पहिला थांबा गडचिरोली. जानेवारी 1989 मध्ये राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी त्यांनी केली होती. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार निघाला, सरासरी प्रत्येकीला 3.6, आणि त्यातले निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे. त्याआधी तपासणी आणि उपचार फक्त 8 टक्के स्त्रियांना मिळाले होते. 45 टक्के स्त्रियांची तर काहीच तक्रार नव्हती. तोवर सरकारी शब्दकोशात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. हा निबंध वाचताना नवखे लोक 92 या आकड्यावर अडकतात. मी 8 वर थांबायला सांगेन. न तपासलेलं शरीर हीच एक जोखीम आहे, हे त्या आकड्यात लिहिलेलं आहे.

इथेच एक सावधगिरी. जननमार्गाचा प्रत्येक संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला नसतो. कॅन्डिडा किंवा बॅक्टेरियल व्हजायनोसिस याला कुणाच्या व्यभिचाराची गरज नसते. प्रतिजैविकं, मधुमेह, गर्भारपण, आतून धुण्याची सवय अशी साधी कारणंही पुरतात. तरी ‘धुपणी’ लागली, म्हणजे पांढरं जाऊ लागलं, म्हटलं की घरात संशय शिरतो, आणि तो बहुधा सुनेवरच. व्हजायनोसिसमुळे पुढे एचआयव्हीची शक्यता वाढते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. सरकारी केंद्रांत लक्षणं पाहून रंगीत पाकिटांतलं औषध दिलं जातं: हिरवं योनीस्रावासाठी, पिवळं ओटीपोटाच्या दुखण्यासाठी, अशी सात प्रकारची. प्रयोगशाळा नसलेल्या गावात ही पद्धत मोठा आधार आहे. पण ती पुरुषांच्या स्रावाला जशी लागू पडते तशी स्त्रियांच्या स्रावाला पडत नाही. कित्येकींना नको ते औषध जातं आणि लक्षण नसलेली क्लॅमिडिया निसटते.

दुसरा थांबा पुणे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या गटाने 1993 ते 1996 या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या 916 स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या 391 जणी देहविक्री करणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांच्यातही 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. हा निबंध 1997 मध्ये अमेरिकेच्या ‘जामा’ या नियतकालिकात आला. त्याच्या शीर्षकातच विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया आहेत. ‘एकाशीच राहा’ हा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता. नवऱ्याचा प्रवास, त्याची जुनी लागण, त्याचं न सांगणं, हे सगळं त्यांच्या खात्यावर जमा झालं.

मग निरोध का नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे 38 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर निरोधवर अवलंबून असलेली जोडपी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. ऑपरेशन झालेल्या बाईने निरोध मागायचा तर कारण काय द्यायचं? मूल होणार नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे. उरतो तो फक्त अविश्वास. आपल्या कुटुंबनियोजनाने संततीचा प्रश्न सोडवला आणि संसर्गाचा प्रश्न तिच्या पदरात टाकला, असं माझं मत आहे. गडचिरोलीच्या निबंधात स्त्रियांच्या गर्भनिरोधक साधनांचा आणि आजारांचा संबंध दिसतो, पण त्यातून थोडाच भाग उलगडतो, हेही सांगायला हवं.

वेळेवर तपासणी झाली नाही की काय होतं, ते बीडने दाखवलं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यातल्या 13,861 जणींची ‘पिशवी’ काढलेली होती. मागे अनेक कारणं होती: कोयत्याची उचल म्हणजे जोडप्याने आगाऊ घेतलेले पैसे, खाडे परवडत नाहीत ही धास्ती, खाजगी दवाखान्यांची कमाई, कॅन्सरची भीती. पण पांढरं जाणं आणि ओटीपोट दुखणं या तक्रारींवर गोळ्यांचा कोर्स आणि नवऱ्याची तपासणी यांऐवजी शस्त्रक्रिया सुचवली जाते, तेव्हा संसर्गाचा अभ्यासक गप्प बसू शकत नाही. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, रजा नाही. या गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत.

बोट बाईकडे दाखवायची सवय जुनी आहे. गोऱ्या सैनिकांना गरमी-परम्यापासून वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने 1868 मध्ये केलेला सांसर्गिक रोगांचा कायदा 1888 पर्यंत टिकला. तपासणीची सक्ती वेश्यांवर होती. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना त्या कायद्यात हातही लावला नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयावर मोकळेपणाने लिहिलं आणि त्यासाठी खटले सोसले. आज त्यांचं नाव आदराने घेतात. त्यांच्या स्वरात बोलणारे मात्र थोडे.

एचपीव्हीने तर वागण्याचा हिशेब पार मोडीत काढला. हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो निघून जातो. काहींमध्ये राहतो, आणि तिथून गर्भाशयमुखाचा कर्करोग. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठीच्या गटाला तपासणी दिली नव्हती, यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते वाजवी आहेत. निष्कर्ष वापरताना हे विसरू नये.

नव्या वाचकाने गडचिरोली, पुणे आणि उस्मानाबाद या तीन निबंधांपासून सुरुवात करावी, त्याच क्रमाने. गडचिरोलीचा निबंध छोटा आहे, एका संध्याकाळी होईल. नंतर जवळच्या केंद्रातली लैंगिक संसर्गाची नोंदवही परवानगीने आणि नावं झाकून पाहावी. औषध घेतलेल्या किती बायकांच्या नवऱ्यांना औषध पोचलं, तो रकाना आधी उघडावा. नवऱ्याला उपचार मिळाला नसेल तर तिची लागण पुन्हा येते, आणि वहीत ती ‘नवी रुग्ण’ म्हणून चढते. तुकईथडसारख्या हद्दीवरच्या गावी हा रकाना भरायचा तर दोन राज्यांच्या वह्या शेजारी ठेवाव्या लागतील. बायको एकीकडे नोंदलेली असते आणि नवरा कामावर दुसरीकडे.