कृष्णधवल दूरचित्रवाणी संच आणि आजचे ऑनलाइन चित्रण : इतिहाससाधन म्हणून एक विचार

प्रास्ताविक

इतिहाससाधन म्हटले की ताम्रपट, नाणी, दप्तरे डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाच्या अभ्यासकास यंत्रांचीही साक्ष काढावी लागते. प्रस्तुत लेखात १९७० च्या दशकातील कृष्णधवल दूरचित्रवाणी संच आणि त्यावर यूट्यूबवरील चित्रण दाखविण्याचे प्रयत्न यांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणेकरांनाही त्याचे कार्यक्रम दिसू लागले. लाकडी पेटीतला, सरकत्या शटरचा संच घरी असणे ही त्या काळी प्रतिष्ठेची बाब होती. पुढे १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. दूरदर्शनचे जमिनीवरील अॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत, काही मोक्याची ठिकाणे वगळता, बंद झाले. त्यामुळे असा संच सुस्थितीत असला तरी पडद्यावर मुंग्यांखेरीज काही उमटत नाही. वस्तुसंग्रहात तो केवळ पेटी म्हणून उरतो.

संचाची भाषा

त्यास पुन्हा बोलते करावयाचे तर त्याची भाषा जाणून घ्यावी लागते. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत एक चित्र ६२५ रेषांचे असे. सेकंदास २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र विषम व सम रेषांच्या दोन अर्धचित्रांत विभागलेले. म्हणजे सेकंदास ५० अर्धचित्रे. आजच्या उपकरणातून निघणारा एचडीएमआय संकेत प्रथम कन्व्हर्टरने या मापात आणावा लागतो. कन्व्हर्टर अमेरिकी पद्धतीच्या ६० अर्धचित्रांवर राहिला तर चित्र वर-खाली पळू शकते.

या संचास बहुधा एकच प्रवेशद्वार असे, ते अँटेनाचे. म्हणून मॉड्युलेटर नावाच्या लहानशा यंत्राने घरातल्या घरात प्रक्षेपण करावे लागते. तेही व्हीएचएफ पट्ट्यात, कारण जुन्या संचांची कळ बारा क्रमांकापुढे जात नाही. चित्र आणि ध्वनी यांच्या लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर लागते. ब्रिटनसाठी बनविलेला मॉड्युलेटर हे अंतर ६ ठेवतो. मग चित्र दिसते पण आवाज येत नाही. अँटेना टाळून थेट आत तार जोडण्याचा मोह अनेकांना होतो, तो घातक आहे. अनेक जुन्या संचांची आतील धातूची चौकट थेट वीजप्रवाहास जोडलेली असते, आणि चित्रनलिकेतील उच्च दाब संच बंद केल्यावरही काही काळ टिकतो. हे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या हातात होते, ग्रंथांत क्वचितच आले. ते कारागीर आज वृद्ध झाले आहेत. इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखती नोंदविण्याचे काम अद्याप फारसे मनावर घेतलेले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

साक्षीची मर्यादा

प्रसारभारतीने जुने काही कार्यक्रम यूट्यूबवर उपलब्ध करून दिले आहेत. असा कार्यक्रम कृष्णधवल संचावर लावला की तो आपल्या मूळ घरी परतला असे वाटते. परंतु हे पूर्णतः खरे नाही. ऑनलाइन ठेवताना दोन अर्धचित्रे एकत्र करून सेकंदास २५ चित्रे केली जातात, तेव्हा हालचालीचा निम्मा तपशील नाहीसा होतो. कन्व्हर्टर पुन्हा ५० अर्धचित्रे बनवितो खरा, पण गेलेली हालचाल परत येत नाही. स्टुडिओत थेट प्रक्षेपणाच्या वेळी नर्तकीच्या हाताची गती जशी दिसे, तशी ती येथे दिसत नाही.

याउलट काही गोष्टी केवळ चालत्या संचावरच कळतात. ४:३ प्रमाणाच्या त्या लहान पडद्याच्या कडा चित्राचा थोडा भाग गिळतात. म्हणूनच त्या काळचे निवेदक मध्यभागी, जवळून दाखविले जात आणि अक्षरे मोठी व कडेपासून दूर ठेवली जात. आजचे १६:९ चित्रण त्याच पडद्यावर लावले असता वर-खाली काळे पट्टे येतात आणि मजकुराची अक्षरे वाचता येत नाहीत. निर्मात्यांच्या त्या काळच्या निवडीमागील कारण या अपयशातूनच स्पष्ट होते. यास्तव संग्रहातील संचाची नोंद करताना तो कोणत्या कन्व्हर्टरने, कोणत्या चॅनेलवर आणि कोणत्या चित्रणासह चालविला, हेही नोंदवहीत लिहिले पाहिजे.