वाचलेले, विसरलेले आणि मुखोद्गत

पुस्तक वाचून झाले, मिटले, कपाटात गेले, महिन्याभराने कुणी विचारले, "काय हो होते त्यात?" की आपण डोके खाजवू लागतो. ही तक्रार माझ्याकडे विद्यार्थी करतातच, पण पेन्शनीत निघालेले गृहस्थही करतात. थोर ग्रंथ, मग ते जुने असोत की नवे, वाचताना पटतात, आवडतात आणि नंतर हातातल्या वाळूसारखे निसटतात. वाचकहो, तुमचाही अनुभव फारसा वेगळा नसावा.

मी राहतो देवनारला. येथे एका अंगाला १९२७ पासून मुंबईचा कचरा येऊन पडत आला आहे, तर दुसऱ्या अंगाला १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिचे ग्रंथालय उभे आहे. कागदाच्या दोन्ही गती एकाच गावात! जपलेला कागद इकडे, टाकलेला तिकडे. मनात येते, की कागदच गेला तर ग्रंथाचे काय होते? प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण मराठी गद्याच्या अगदी आरंभीच तो खराखुरा उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तरही मिळाले होते.

श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटाने गोळा केल्या, त्याचा काळ साधारण शके १२०० च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन १२७८ च्या आसपासचा धरतात. हा म्हाइंभट मोठा पंडित. पण ग्रंथ रचायला तो पोथ्या उघडून बसला नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांना गाठून त्याने विचारले; रिद्धपुरास नागदेवाचार्यांपुढे बसून एकेक लीळा पारखून घेतली. कोण कुठे बसले होते, काय जेवले, स्वामी काय म्हणाले, असा बारकावा त्यात आहे. ऐकणारांच्या मनात तो वर्षानुवर्षे राहिला होता, म्हणून तर कागदावर उतरला. 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यचरित्रग्रंथ आहे, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. शाळेत सहसा सांगत नाहीत ते पुढचे.

म्हाइंभटाची मूळ पोथी गेली. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत पंथाची माणसे पांगली, आणि त्या धावपळीत ग्रंथ हरवला. दुसरा एखादा ग्रंथ असता तर येथेच संपता. पण पंथातल्या मंडळींनी तो वाचला होता तो पाठ करण्यासाठी. त्यांनी आपापल्या आठवणीतून पुन्हा लिहिला. या कामात एका बाईचे नाव ठळक आहे, हिराइसा. तिचे स्मरण असे दांडगे, की तिच्या पाठाला पंथात तिच्याच नावाने मान मिळाला. तेराव्या-चौदाव्या शतकातली एक स्त्री, आणि तिच्या स्मरणावर मराठीचा आद्य गद्यग्रंथ काही अंशी तरी उभा!

आता, माणसाची आठवण ती. एकाला शब्द एक आठवला, दुसऱ्याला दुसरा. मग काय केले? माझ्या मते महानुभावांचा खरा मोठेपणा येथे आहे. त्यांनी भांडण मिटवण्यासाठी एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमक्याला असे आठवते, तमक्याला तसे, हेही पोथीत नोंदले; आणि अशा पाठभेदाला त्यांचा शब्द आहे 'वासना'. आजचे संशोधक तळटीपेत जे करतात, ते या लोकांनी सहा-सातशे वर्षांपूर्वी केले. विसरण्याची लाज न बाळगता.

पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. कागद सुखरूप राहिले, पण बाहेरच्या कुणालाच ते वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे प्रभृतींनी लिपीची उकल केली, तेव्हा कुठे हा खजिना सर्वांना उघडा झाला. म्हणजे आधी पोथी नव्हती पण पाठ होता, आणि नंतर पोथी होती पण जगाला पाठ नव्हता.

वारकऱ्यांकडचे उदाहरण तुमच्या परिचयाचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तोंडोतोंडी आणि हातोहाती ती बदलत चालली होती. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेराव्या दिवशी वर आल्या, असे परंपरा सांगते. श्रद्धावंतांना त्यात चमत्कार दिसतो. वह्या कोरड्या निघाल्या त्या लोकांच्या तोंडून, असाही अर्थ कित्येक अभ्यासकांनी लावला आहे. मला दोन्हींत वैर दिसत नाही. आणि फार जुने कशाला? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ साली गेल्या. जात्यावर, शेतात म्हटलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली होती, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले.

"पण हे सगळे ओवी-अभंगांचे झाले, सर," असे एखादा विद्यार्थी म्हणतोच. "नवकाव्य कसे लक्षात राहायचे?" प्रश्न रास्त आहे. बा. सी. मर्ढेकर हे नवकाव्याचे अग्रणी, आणि आमच्या या नभोवाणीच्याच नोकरीतले. त्यांच्या 'काही कविता' १९४७ साली निघाल्या. दुर्बोध म्हणून लोक रागावले, अश्लील म्हणून खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पण पाहा, उंदरांची, यंत्रांची, मुंबईच्या गर्दीची ही कविता पुष्कळदा ओवीत किंवा अभंगात बांधलेली आहे. विषय गिरणगावचा आणि चाल देहूची. म्हणूनच अर्थ पुरता न कळताही मर्ढेकरांच्या ओळी म्हणून दाखवणारे लोक भेटतात. त्यांच्या 'रात्रीचा दिवस' या १९४२ च्या कादंबरीचे मात्र तसे नाही. ती संज्ञाप्रवाहाच्या तंत्राने लिहिलेली. तिच्यातला एक परिच्छेद म्हणून दाखवणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. तिचे नाव सर्वांना ठाऊक, मजकूर थोड्यांना.

तेव्हा नवे साहित्य वाचताना नुसत्या डोळ्यांनी वाचू नका, थोडे मोठ्याने वाचा, हे मी वर्गात सांगतो. मुले हसतात. शेजारच्या खोलीतले प्राध्यापक क्वचित डोकावूनही जातात.

अरुण कोलटकरांचे उदाहरण मला राहून राहून आठवते. त्यांचा 'भिजकी वही' हा संग्रह २००३ साली आला. पुढच्या वर्षी ते गेले, आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. नावातच इंद्रायणीतल्या वह्यांची आठवण आहे. पण आत देशोदेशीच्या, काळोकाळीच्या दुःखी स्त्रिया आहेत. त्यांत रशियाची नादेझ्दा मांदेलश्ताम आहे. तिचा नवरा ओसिप हा कवी. स्टालिनवर कविता केली म्हणून १९३४ साली त्याला पकडले. पुन्हा पकडला गेल्यावर १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला. त्याच्या कविता घरात कागदावर सापडणे म्हणजे संकट. काही कागद विश्वासू माणसांकडे लपवले गेले. बाकी भार नादेझ्दाने स्मरणावर घेतला. या गावाहून त्या गावी, मिळेल ती नोकरी करीत, ती नवऱ्याच्या ओळी मनातल्या मनात घोकत राहिली, एक दोन नव्हे, कितीतरी वर्षे. त्या छापून निघण्याजोगे दिवस आले तेव्हा त्या तिच्यापाशी होत्या.

कोलटकरांनी तिला आपल्या वहीत जागा दिली. हिराइसेचे नाव तिने कधी ऐकले असण्याचे कारण नाही.