तारणावरची पदवी

आमच्या घरात पहिली अक्षरे आली ती पलटणीतून. आजोबा दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि तिथल्या वर्गात रोमन लिपीतली हिंदुस्थानी शिकले. त्यांना देवनागरीत सही येत नसे, रोमनमध्ये येई. गावच्या शाळेने जे नाकारले ते पलटणीने दिले, म्हणून ते आयुष्यभर पलटणीचे गुण गात राहिले. त्या अक्षरांच्या बदल्यात सरकारने काय लिहून घेतले होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. मी घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात इतिहास शिकवू लागलो आणि अमेरिकेतल्या राखीव सैनिक-विद्यार्थ्यांची हकीकत वाचताना हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

तिकडे नॅशनल गार्ड आणि रिझर्व्ह अशी राखीव दले आहेत. महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायत, वर्षाकाठी दोन आठवडे शिबिर. बाकीचे दिवस आपली नोकरी, आपले शिक्षण. बोलावणे आले की पुस्तक मिटून निघायचे.

व्हिएतनाम युद्धात हे बोलावणे जवळजवळ आलेच नाही. अध्यक्ष जॉन्सन यांनी सक्तीच्या भरतीवर युद्ध चालवले. 1968 साली थोड्याच राखीव तुकड्या बोलावल्या. त्यामुळे गार्ड म्हणजे युद्ध टाळण्याची सुरक्षित जागा झाली. तिथे कोण होते? 1968 च्या केर्नर आयोगाच्या अहवालात आकडा आहे: आर्मी नॅशनल गार्डमध्ये काळे सैनिक अवघे 1.15 टक्के. ज्याच्या बापाजवळ पैसा तो कॉलेजात राहून भरती पुढे ढकली, ज्याची ओळखपाळख तो गार्डमध्ये शिरे. त्याच काळात, 1966 पासून, संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी चाचणीत मागे पडणाऱ्या गोरगरीब पोरांसाठी सैन्याचे दार सैल केले. त्या पोरांत सुमारे चाळीस टक्के काळे होते. औदार्य नेमके कुठे दाखवायचे, हे प्रस्थापितांना सर्वत्र ठाऊक असते.

1973 साली सक्तीची भरती संपली. आता मोठे युद्ध झाले तर राखीव दलांना आघाडीवर न्यायचे, असे धोरण ठरले. आणि राखीव दलाचे दार गरिबाला, काळ्याला उघडे झाले. 1984 साली मिसिसिपीचे खासदार सनी माँटगोमेरी यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सहा वर्षे राखीव दलात राहतो असे लिहून द्या, पूर्ण वेळ शिकत असाल तर महिना 140 डॉलर, छत्तीस महिन्यांपर्यंत. दल सोडले की सर्वसाधारणपणे पैसा बंद. ज्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिले नव्हते, तिथल्या मुलामुलींनी सह्या केल्या. मीही केली असती.

मग बोलावणी आली. 1990-91 च्या आखाती युद्धात दोन लाखांवर राखीव सैनिक बोलावले गेले. 14 सप्टेंबर 2001 च्या आदेशाने तर एकेकाला सलग चोवीस महिन्यांपर्यंत सेवेत ठेवता येऊ लागले. इराक युद्ध सुरू झाले तेव्हा कुणाची परीक्षा तोंडावर होती, कुणाचे शेवटचे सत्र उरले होते. भरलेली फी, अर्धवट राहिलेले विषय, तोवर बदललेला अभ्यासक्रम, हे सारे कॉलेजच्या किंवा राज्याच्या मर्जीवर. सैनिकाला जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्क त्या देशाने 1940 सालीच कायद्यात लिहिला होता. विद्यार्थ्याला वर्गातली जुनी जागा, होती त्याच टप्प्यावर, परत द्यावी असे देशभरच्या कॉलेजांना बजावणारा कायदा यायला 2008 साल उजाडले. मालकाच्या कारखान्यातली जागा राखली गेली. बाकावरची जागा अडुसष्ट वर्षे कुणाला आठवली नाही. 2008 सालीच शिक्षणाची मदतही पुष्कळ वाढली, हे नाकारत नाही. पण तोवर किती सत्रे वाहून गेली!

हे परक्या मुलखातले म्हणून सोडून देता आले असते. परंतु करारनाम्याची ही जात आपल्या ओळखीची आहे. 4 जून 1913 रोजी बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाला लिहून दिले होते: परदेशी शिक्षण संपल्यावर दहा वर्षे चाकरी. ते राखीव सैनिक नव्हते. पण 1917 साली लंडनमधला अभ्यास अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. नेमणूक मिळाली तीही महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षे लिहून घेणाऱ्या संस्थानाला त्यांच्यासाठी एक खोली मिळवून देता आली नाही.

लंडन सोडताना मात्र बाबासाहेबांनी एक कागद पदरात पाडून घेतला होता. ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची ती विद्यापीठाची परवानगी होती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून पै पै साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते 1920 साली मुदतीत पोचले. 1923 साली डी.एस्सी. झाले.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या बी.ए. तृतीय वर्षाच्या एका मुलाची ऐन परीक्षेआधी सैन्यात निवड झाली. मी त्याला हीच हकीकत सांगितली आणि परत आल्यावर तिथूनच पुढे शिकू द्यावे असा अर्ज लिहून घेतला. तो हजर व्हायला निघून गेला. अर्ज कार्यालयात आहे. मी दोनदा विचारून आलो.