तुरुंगाआधीचे काळे पाणी

अंदमान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेलची कोठडी उभी राहते. त्यात वावगे काही नाही. 1911 साली सावरकर तेथे गेले, ‘माझी जन्मठेप’ महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, आणि आम्हीही शाळेत असतानाच कोलू, काथ्या आणि जेलर बारी हे शब्द ऐकले. पण तो तुरुंग बांधून पुरा झाला 1906 साली. (त्याच वर्षी इंग्रजांनी आपल्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले.) कैद्यांची वसाहत मात्र 1858 पासूनची. म्हणजे जवळजवळ अर्धशतक तेथे हा तुरुंग नव्हता. बेट हाच तुरुंग होता. त्या अर्धशतकातल्या माणसांचा माग घ्यावा म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही निघालो. धुळ्याचे दोघे सोबती चाळीसगावला गाडीत चढले, बाकीचे आम्ही जळगावला. हावड्याहून पुढे कोलकात्याच्या गोदीत जहाज.

निमित्त होते सातपुड्यातल्या एका माणसाचे. 1857 मध्ये सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईकाने बंड पुकारले. घाटाची राखण हेच त्याच्या घराण्याचे काम होते. कंपनी सरकारच त्याला त्यासाठी पगार देत असे. निमाडचा भीमा नाईक त्याला येऊन मिळाला. भिल्लांच्या बरोबरीने मकराणी, अरब, रोहिले होते. सरकारी कागदांत त्यांना सरसकट ‘विलायती’ म्हटलेले आढळते. पेशवाई बुडाल्यावर रोजगार गेलेल्या शिबंदीतले हे लोक. 1818 साली मालेगावच्या किल्ल्यात अरबांनी इंग्रजांना कसे झुंजवले, हे खानदेशात अजून सांगितले जाते. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला लढाई झाली. भिल्ल आणि विलायती एकाच डोंगराच्या आडोशाने लढले आणि हरले. पकडलेल्यांपैकी कित्येकांना तिथल्या तिथे लष्करी न्यायाने गोळ्या घातल्या गेल्या. भीमा नाईक निसटला, पुढे बऱ्याच वर्षांनी सापडला, त्याला काळ्या पाण्यावर धाडले आणि 1876 मध्ये तो पोर्ट ब्लेअरला वारला.

अंबापाणीच्या बरोबर एक महिना आणि एक दिवस आधी, 10 मार्च 1858 रोजी, दोनशे कैदी घेऊन डॉक्टर वॉकर अंदमानात उतरला होता. पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब त्याच्याच कागदांत आहे. आलेले कैदी 773. इस्पितळात मेले 64. पळून गेले आणि परत सापडले नाहीत 140. आत्महत्या 1. पळताना पकडून फाशी दिलेले 87. शिल्लक 481. वाण्याच्या वहीसारखा हा जमाखर्च आम्ही जहाजाच्या डेकवर बसून पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. बेरीज चुकत नाही. पळणाऱ्यांची समजूत अशी होती, की जंगलातून चालत गेले की ब्रह्मदेश लागतो आणि तिथला राजा आसरा देतो. चारी बाजूंना समुद्र आहे हे त्यांना कोण सांगणार?

आता एक गोष्ट, जी आपल्या शहिदांच्या गौरवात सहसा सांगितली जात नाही. बेट रिकामे नव्हते. ग्रेट अंदमानी जमातीचे काही हजार लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. एप्रिल 1858 मध्ये पळालेला दूधनाथ तिवारी नावाचा शिपाई-कैदी वर्षभर त्यांच्यात राहिला, त्यांनी त्याला मुली दिल्या. मे 1859 मध्ये ते वसाहतीवर हल्ला करणार हे कळताच तो इंग्रजांकडे परतला आणि खबर दिली. अॅबरडीनला धनुष्यबाण बंदुकांपुढे टिकले नाहीत. दूधनाथला माफी मिळाली. ग्रेट अंदमानी आज पन्नासच्या आसपास उरले आहेत. गोळ्यांपेक्षा रोगांनी अधिक मारले. ज्यांची भूमी हिरावली गेली अशा भिल्लाला हद्दपार करून दुसऱ्या आदिवासींच्या हिरावलेल्या भूमीवर मरायला पाठवले गेले. दोष त्याचा नाही, पण हे विसरून अंदमानचा इतिहास लिहिता येत नाही असे आम्हाला वाटते.

व्हायपर बेटावर बोटीने गेलो. टेकाडावर लाल विटांची फाशीघराची इमारत उभी आहे. 11 मार्च 1872 रोजी शेर अली आफ्रिदीला या बेटावर फाशी झाली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला त्याने 8 फेब्रुवारीला होपटाउनच्या धक्क्यावर सुरीने भोसकले होते. आपल्या लेखकांनी त्याला कधी मुजाहिद केले, कधी माथेफिरू. तो खैबरचा पठाण, इंग्रजांच्या चाकरीत राहिलेला, घराण्याच्या वैरातून झालेल्या खुनासाठी जन्मठेप भोगणारा, बंदरात न्हाव्याचे काम करणारा. एवढे ठाऊक असताना एका शब्दात त्याला बसवण्याची घाई आम्ही तरी करणार नाही.

मौलाना फज्ले हक खैराबादी यांचा मजार मात्र लोक लगेच दाखवतात. तर्कशास्त्राचा हा जाणता आलिम 1861 मध्ये येथेच वारला. कैदेत असताना त्यांनी सत्तावन्नच्या बंडावर अरबीत लिहिले. मुलगा सुटकेचा हुकूम घेऊन पोहोचला तेव्हा समोरून जनाजा येत होता, असे सांगतात.

मशिदीत एक वृद्ध गृहस्थ भेटले, कैद्यांच्या वंशातले. आम्ही खानदेशचे म्हटल्यावर त्यांनी नाव दोनदा विचारून घेतले. आजोबा कुठले, कशासाठी आले, असे आम्ही विचारताच ते हसले : ‘‘किस दफा में आए, ये यहाँ कोई नहीं पूछता, साहब.’’ कैद्यांनी कैदी स्त्रियांशी लग्ने केली, जात आणि कधी धर्मही मागे राहिला, आणि बोली हिंदुस्थानी झाली. 1921 च्या मलबारच्या बंडानंतर आणलेल्या मोपल्यांनी आपल्या गावांना मंजेरी, तिरूर, वंडूर ही घरचीच नावे दिली.

सातपुड्याचे नाव कुठे आढळले नाही. सेल्युलर जेलच्या संगमरवरावर नावे आहेत ती मुख्यतः विसाव्या शतकातली. पोर्ट ब्लेअरचे 2024 मध्ये श्री विजय पुरम झाले. जुन्या नावाखाली जे पुरले गेले त्यांचे काय, हे आम्ही तरी सांगू शकत नाही. भीमा नाईकाची जागा आम्हाला कोणी दाखवू शकले नाही.

मौलानांच्या मजारवर आम्ही फातिहा पढलो. बाहेर आल्यावर शिरपूरकडचा सोबती म्हणाला, ‘‘आणि भीमासाठी?’’ भिल्ल आपल्या मयतासाठी काय म्हणतात, काय ठेवतात, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हते. आठवडे बाजारात, उसाच्या फडात, एसटीच्या बाकावर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसलेलो आम्ही. धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. मग बोटवाल्याने भोंगा वाजवला.